‘चार्म’ : शब्दाचे अर्थ आणि ‘ऑथेल्लो’मधील अभियोग

इंग्रजीतील ‘चार्म’ हा शब्द कोणत्याही मोठ्या कोशात काढून पाहिला, तर एकमेकांशी फारसे सख्य नसलेले अर्थ तेथे एका रांगेत बसविलेले आढळतात. प्रथम मंत्र, मग मंत्राने भारलेली वस्तू, म्हणजे ताईत किंवा गंडा, मग घड्याळाच्या साखळीला वा हातातील कड्याला लोंबणारा शोभेचा लहानसा दागिना, मग व्यक्तीच्या ठिकाणची मोहकता, अनेकवचनी रूपात स्त्रीचे शरीरसौंदर्य, आणि क्रियापद म्हणून भारणे, वश करणे, भुलविणे. परिचयाच्या प्रसंगी उच्चारावयाचा, कसलाच अर्थ उरला नसलेला शिष्टाचारही त्यात आला. विसाव्या शतकात पदार्थविज्ञानानेही या यादीत भर घातली. १९६४ साली बियोर्कन व ग्लॅशो यांनी एका संभाव्य मूलकणाच्या गुणास हे नाव दिले, आणि १९७४ च्या नोव्हेंबरात तो गुण धारण करणाऱ्या कणाचा प्रत्यक्ष पुरावा दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत मिळाला. कोशकाराचे काम येथे संपते. समीक्षकाचे काम मात्र याच ठिकाणी सुरू होते. यांतील कोणते अर्थ एखाद्या कृतीत एकाच वेळी जिवंत आहेत, आणि ते जिवंत आहेत हे कशावरून ठरवावयाचे, हा त्याच्यापुढील प्रश्न होय.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे प्रचलित आहेत, आणि दोन्ही असमाधानकारक आहेत. शब्दाचा मूळ अर्थ तोच खरा अर्थ, असे मानणारा एक पक्ष आहे. त्याला ‘चार्म’ दिसला की मंत्र दिसतो, मग तो शब्द चहाच्या टेबलावरील संभाषणात का आलेला असेना. दुसरा पक्ष सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांचा आधार घेतो आणि शब्दाचा इतिहास त्याच्या वर्तमान मूल्याशी अप्रस्तुत ठरवितो. पहिल्याला शब्दांत भुते दिसतात. दुसऱ्याला ती खरोखर असतील तेथेही दिसत नाहीत. विल्यम एम्पसन यांनी ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ (१९५१) या ग्रंथात, आणि सी. एस. लुइस यांनी ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) मध्ये, या दोहोंमधील मार्ग काढण्याचा यत्न केला. एम्पसन यांनी ‘ऑथेल्लो’तील ‘ऑनेस्ट’ या शब्दाची केलेली चिकित्सा प्रसिद्धच आहे. त्याच नाटकातील ‘चार्म’ हा शब्द संख्येने विरळ, परंतु अशा चिकित्सेस तितकाच योग्य आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मुख्यतः तोच होय. तत्पूर्वी शब्दाच्या पूर्वेतिहासाचा थोडा परामर्श घेणे अवश्य आहे.

‘चार्म’ हा लॅटिन ‘कार्मेन’ या शब्दाचा वंशज. ‘कार्मेन’ हे गाणे या अर्थाच्या ‘कानेरे’ या क्रियापदापासून सिद्ध झालेले नाम असून त्याचे पूर्वरूप ‘कान्मेन’ असे मानतात. मकारापूर्वी नकाराचा रेफ होणे ही एकाकी घटना नाही; ‘गेन्मेन’पासून ‘गेर्मेन’ (अंकुर) झाला तो याच रीतीने. संस्कृत ‘चर्म’ अथवा ‘कर्म’ यांच्याशी या शब्दाचा ध्वनिसाम्यापलीकडे काहीही संबंध नाही. अशी जोडी लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि तो आवरणे हे भाषाशास्त्राचे पहिले व्रत होय. लॅटिनमधील ‘का’ हा आरंभवर्ण जुन्या फ्रेंचमध्ये ‘चा’ झाला, आणि त्या काळी इंग्रजीने तो उचलला. पुढे फ्रेंचांनी आपला ‘च’ सोडून ‘श’ स्वीकारला, तरी इंग्रजीने उसना घेतलेला जुना उच्चार जपून ठेवला. ‘चीफ’ आणि ‘शेफ’ ही इंग्रजीतील जोडी याचीच साक्ष देते : मूळ एकच, एक शब्द आधी आला, दुसरा पुष्कळ नंतर. ‘चार्म’ हा आधी आलेल्यांपैकी आहे.

लॅटिनमधील ‘कार्मेन’ची व्याप्ती मराठी वाचकास चकित करणारी आहे. कविता, गीत, देवतास्तोत्र, जारणमारणाचा मंत्र आणि कायद्याचे ठरीव शब्दांतील सूत्र या सर्वांना तो एकच शब्द लागू पडे. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील रोमच्या ‘द्वादश पट्टिका’ या कायद्यात दुष्ट ‘कार्मेन’ उच्चारणे हा अपराध होता. परंतु दुष्ट ‘कार्मेन’ म्हणजे काय, याविषयी पुढच्या रोमनांतच मतभेद झाला. सिसेरोने त्याचा अर्थ अब्रूनुकसानीचे काव्य असा घेतला, तर थोरल्या प्लिनीने जादूचा मंत्र असा. होरेसने आपल्या उपहासिकांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या आरंभी या संदिग्धतेचा जो विनोद केला, तो वाङ्मयसमीक्षेच्या दृष्टीने मार्मिक आहे. कायदेपंडित मित्र त्याला बजावतो की वाईट ‘कार्मेन’ रचणाऱ्यावर खटला होतो. कवी निरागसपणे विचारतो की ते चांगले असले तर? वाईट म्हणजे घातक की वाईट म्हणजे निकृष्ट, असा हा प्रश्न आहे. शब्दाची परिणामशक्ती आणि शब्दाचा कलागुण हे एकाच पदात नांदत असल्याशिवाय हा विनोद संभवत नाही. व्हर्जिलच्या आठव्या गोपगीतात तर हीच गोष्ट विनोदावाचून आहे : मेंढपाळाचे गाणे आणि परत न आलेल्या प्रियकराला घरी ओढून आणणारा स्त्रीचा मंत्र, दोहोंना नाव एकच.

गाण्यातून मंत्र निघण्याची ही वाट केवळ लॅटिनची नव्हे. जुन्या इंग्रजीत मंत्राला ‘गाल्दोर’ म्हणत, आणि तो शब्द गाणे या अर्थाच्या ‘गालान’ या धातूचा. ‘नाइटिंगेल’ या पक्षिनामाचा उत्तरार्ध त्याच धातूपासून आलेला आहे. जुन्या इंग्रजीतील मधमाश्यांचे, शेतीचे, नऊ वनस्पतींचे जे मंत्र आज ‘चार्म’ म्हणून छापले जातात, त्यांना हे नाव उत्तरकालीन संपादकांनी दिलेले आहे. भारतीय वाङ्मयाच्या वाट्यालाही हीच बाब आली. मेर्सेबुर्ग येथे १८४१ साली सापडलेल्या जुन्या जर्मन मंत्रांपैकी एकात लचकलेल्या घोड्याच्या पायाची हाडे सांधण्याचा विधी आहे. आडालबेर्ट कून यांनी १८६४ साली त्याची तुलना अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातील रोहणीसूक्ताशी केली, आणि तेव्हापासून हे साम्य तौलनिक अभ्यासात दृढ झाले. ब्लूमफील्ड यांनी १८९७ साली अथर्ववेदातील निवडक सूक्तांचे भाषांतर केले तेव्हा भैषज्य, आयुष्य, आभिचारिक, सांमनस्य अशा निरनिराळ्या वर्गांच्या इंग्रजी शीर्षकांत ‘चार्म’ हा शब्द सढळ हाताने वापरला. भाषांतर म्हणून ते सोयीचे होते. तथापि ‘मंत्र’ हा शब्द मननार्थक ‘मन्’ धातूपासून साधनवाचक प्रत्यय लागून झाला आहे. म्हणजे एका परंपरेने शब्दाच्या सामर्थ्याचे मूळ गाण्यात पाहिले, तर दुसरीने विचारात. हा भेद इंग्रजी शीर्षकांत दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘चार्म’च्या अर्थांत झालेला बदल सामान्यतः शक्तिक्षय म्हणून वर्णिला जातो : पूर्वी शब्द बलवान होता, पुढे गुळमुळीत झाला. हे वर्णन खोटे नाही, पण उथळ आहे. वस्तुतः बदलली ती वाक्यरचना, आणि वाक्यरचनेबरोबर कर्तृत्वाची जागा. जुन्या अर्थी ‘चार्म’ ही क्रिया आहे. तिला कर्ता लागतो, साधन लागते, आणि जिच्यावर ती घडते अशी व्यक्ती लागते. त्या व्यक्तीची संमती मात्र लागत नाही, किंबहुना संमतीचा अभाव हेच त्या क्रियेचे लक्षण. सोळाव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागलेल्या नव्या अर्थी ‘चार्म’ हा गुण आहे. तो कोणी करीत नाही. तो कोणाच्या ठिकाणी असतो. मराठीतील ‘मोहिनी’ या शब्दाने हा फरक अगदी सहज दाखविता येतो. ‘त्याने तिला मोहिनी घातली’ आणि ‘तिच्या डोळ्यांत मोहिनी आहे’ या दोन वाक्यांत नाम तेच आहे. परंतु ‘घालणे’ आणि ‘असणे’ या दोन क्रियापदांत जबाबदारीचे सारे अंतर साठविलेले आहे. पहिल्या वाक्यावरून फिर्याद करता येते. दुसऱ्यावरून फार तर कविता करता येते.

यावरून मूळ प्रश्नाला एक कसोटीही मिळते. जुना अर्थ जिवंत आहे असे म्हणावयाचे, तर त्या अर्थाच्या चौकटीतील इतर घटक, म्हणजे प्रयोग करणारा, साधन, विधी आणि परवश झालेली व्यक्ती, यांपैकी काही संहितेत उपस्थित असले पाहिजेत. केवळ कोशात तो अर्थ आहे, एवढे पुरेसे नाही. मिल्टनने ‘पॅरडाइज लॉस्ट’च्या चौथ्या सर्गात इव्हच्या मुखी प्रभातकालीन पक्ष्यांचा ‘चार्म’ घातला आहे. तेथे मंत्राचा अर्थ काढणे मोहक वाटते. परंतु पक्ष्यांचा कलरव या अर्थाचा एक वेगळाच जुना इंग्रजी शब्द ‘चार्म’ या रूपास येऊन मिळालेला होता, आणि मिल्टनच्या ओळीत प्रथमतः तोच आहे. दोन शब्दांचा ध्वनी एक झाल्यावर अर्थही परस्परांत मिसळले नसतील असे म्हणवत नाही, तरी त्या स्थळी चौकटीतील एकही घटक नसल्यामुळे मंत्राचा अर्थ लादणे उचित नव्हे. याच्या उलट टोकास व्हालेरीचा ‘शार्म’ (१९२२) हा संग्रह आहे. फ्रेंचमध्ये पार गुळगुळीत झालेल्या या शब्दाला शीर्षकात अनेकवचनी बसवून आणि ‘अथवा कविता’ अशी पुस्ती जोडून कवीने ‘कार्मिना’ हा लॅटिन अर्थ हेतुपुरस्सर परत बोलाविला. ज्या संग्रहात देवतेच्या संचाराने बोलणारी पिथिया आहे आणि भुलविणारा सर्पही आहे, तेथे त्या अर्थास भरपूर आधार मिळतो. नॉर्थ्रॉप फ्राय यांनी ‘अॅनॅटमी ऑफ क्रिटिसिझम’ (१९५७) मध्ये भावगीताच्या नादांगाचे मूळ ‘चार्म’मध्ये आणि चित्रांगाचे मूळ कोड्यात दाखविले. ती कल्पना उद्‌बोधक असली, तरी तीत ‘चार्म’चा कर्ता पुन्हा हरवतो. मंत्र कोणीतरी कोणावर तरी घालीत असतो, हे नादाच्या मीमांसेत विसरले जाते.

गुणवाचक अर्थाविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण भारतीय साहित्यशास्त्राने त्या अर्थाची मीमांसा युरोपच्या कितीतरी आधी केली. नवव्या शतकात आनंदवर्धनाने प्रतीयमान अर्थाचे स्वरूप सांगताना स्त्रियांच्या लावण्याचा दृष्टान्त घेतला : ते सर्व अवयवांत प्रकटते, पण कोणत्याही अवयवाहून निराळे असते. ‘लावण्य’ हा शब्द ‘लवण’, म्हणजे मीठ, यापासून आलेला. हिंदीतील ‘सलोना’ही त्याच कुळातला. मीठ पदार्थात दिसत नाही, त्याचा कण वेगळा काढून दाखविता येत नाही, आणि ते नसले तर मात्र तत्काळ कळते. आश्चर्य असे की, आनंदवर्धनाच्या नऊ शतके आधी कॅटलसने आपल्या शहाऐंशीव्या कवितेत हेच मीठ याच कामासाठी वापरले आहे. क्विंटिया गोरी, उंच, सरळ आहे, हे कवी एकेक करून मान्य करतो. पण तिला सुंदर म्हणावयास नकार देतो, कारण एवढ्या मोठ्या देहात मिठाचा कण नाही. लॅटिनमध्ये मीठ या शब्दाचा अर्थ विनोदबुद्धी, चतुराई असाही होता. दोन परंपरांनी एकमेकींचे पाहिले असे मानण्यास काडीचाही आधार नाही. दोन्हीकडे स्वयंपाकघर होते एवढेच. मराठी घरांत दृष्ट काढावयास मीठमोहऱ्या लागतात, म्हणजे मीठ हेच सौंदर्यावरील दुष्ट नजरेचा उताराही आहे, हा योगायोग सुखद असला तरी त्यावरून सिद्धान्त रचण्याचे कारण नाही.

‘ऑथेल्लो’ हे नाटक १६०४ च्या नोव्हेंबरात राजदरबारी झाल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या काळी ‘चार्म’चे दोन अर्थ, क्रिया आणि गुण, इंग्रजीत शेजारी शेजारी नांदत होते, नेमक्या त्या काळातील हे नाटक आहे. नाटकाचा आरंभच एका अभियोगाने होतो. डेस्डिमोनाने स्वेच्छेने ऑथेल्लोशी लग्न केले यावर तिचा बाप ब्रॅबॅन्शियो विश्वास ठेवू शकत नाही. त्याच्या तर्कशास्त्रात ती ‘कर्ता’ असूच शकत नाही. तेव्हा कर्ता दुसरा कोणी असला पाहिजे, आणि साधन ‘चार्म’ असले पाहिजे. पहिल्या प्रवेशात तो रॉडरिगोला अशा ‘चार्म’विषयी तू वाचले आहेस का असे विचारतो, दुसऱ्यात ऑथेल्लोवर उघड आरोप करतो. या आरोपात वर्णद्वेष आहे हे सर्वांनी सांगितले आहे; त्यात व्याकरणही आहे, हे सांगावयास हवे. मुलीला कर्मपदी बसविल्याशिवाय बापाचे वाक्य पुरे होत नाही.

तिसऱ्या प्रवेशात ऑथेल्लो सभेपुढे उभा राहतो. आपण कोणती औषधे, कोणते ‘चार्म’ आणि कोणती मंत्रविद्या वापरली ते सांगतो, असे म्हणून तो आरोपाची भाषा शब्दशः उचलतो, आणि नंतर जे सांगतो ती केवळ एक हकीकत असते. त्याने आपल्या आयुष्याची कथा सांगितली. ती ऐकून ती त्याच्यावर प्रेम करू लागली. एवढीच आपली चेटूकविद्या. सभापती ड्यूक यावर म्हणतो की अशी कथा आपल्याही मुलीला जिंकील. वरवर पाहता येथे जुना अर्थ पराभूत होऊन नवा विजयी झाला : ‘चार्म’ नव्हते, आकर्षण होते. परंतु बारकाईने पाहता गोष्ट तितकी सरळ नाही. ऑथेल्लोने जे साधन कबूल केले ते वाणीचेच आहे. ‘कार्मेन’ आणि कथा यांत अंतर आहे. पण ते ऐकणाऱ्याच्या संमतीचे अंतर आहे, माध्यमाचे नव्हे. म्हणूनच डेस्डिमोनाला सभेत बोलावून घेणे नाट्यदृष्ट्या अपरिहार्य ठरते. ती येते, प्रथमपुरुषी बोलते, आणि बापाच्या वाक्यातील कर्मपद सोडून कर्तृपदी जाऊन बसते. खटला निकालात निघतो तो ऑथेल्लोच्या भाषणाने नव्हे, तर तिच्या साक्षीने.

यानंतर हा शब्द बराच काळ अदृश्य होतो, आणि तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात परततो तो ऑथेल्लोच्याच तोंडून. रुमाल हरवला आहे. तो आपल्या आईला एका इजिप्शियन स्त्रीने दिला होता, ती ‘चार्मर’ होती, तिला माणसांचे विचार जवळजवळ वाचता येत, असे तो सांगतो. रुमाल जवळ असेतो पती वश राहील, हरवला तर त्याला पत्नीची घृणा येईल. तो विणणारी दोनशे वर्षांची भविष्यवेत्ती होती, त्याच्या रेशमाचे किडे पवित्र होते. चौकटीतील यच्चयावत घटक येथे हजर आहेत. ज्या माणसाने भर सभेत ‘चार्म’ खोटा ठरविला, तो आपल्या पत्नीपुढे त्याची संपूर्ण शास्त्रोक्त मांडणी करतो. पुढे पाचव्या अंकात हाच रुमाल बापाने आईला दिलेली जुनी खूण होती असे तो म्हणतो. या विसंगतीवर टीकाकारांनी पुष्कळ खल केला आहे. पहिली हकीकत डेस्डिमोनाला भेदरविण्यासाठी रचलेली होती, असा एक तर्क. शेक्सपिअरचा अनवधान, असा दुसरा. पहिला तर्क अधिक ग्राह्य वाटतो, कारण त्या प्रवेशात ही हकीकत प्रत्यक्षात काय करते हे पाहिले की पुरे : ती डेस्डिमोनाला घाबरवून खोटे बोलावयास लावते. एकदा कथेने जिने मन दिले, तिच्यावर आता कथेचाच प्रयोग होत आहे, आणि या वेळी संमतीचा प्रश्नच नाही. ब्रॅबॅन्शियोचा आरोप पहिल्या अंकात असत्य होता. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो स्वतः तो सत्य करून दाखवितो.

पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात अर्थ पुन्हा उलटतो. कॅशियोचा आक्रोश ऐकून ऑथेल्लो हत्येस निघतो तेव्हा डेस्डिमोनाचे डोळे हेच ‘चार्म’ होत आणि ते आता हृदयातून पुसले गेले, असे म्हणतो. हा गुणवाचक नवा अर्थ, प्रेमकवितेतला. परंतु या नाटकात तो निर्मळ राहू शकत नाही. डोळे ‘चार्म’ असतील तर प्रयोग करणारी ती ठरते आणि परवश झालेला तो. आरोपीच्या पिंजऱ्यात ऑथेल्लो होता, तेथे आता डेस्डिमोना उभी आहे. आणि तिच्यासाठी सभा भरविली जात नाही. गुणवाचक अर्थाचे हे धोक्याचे अंग लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याच्या ठिकाणी गुण आहे, त्यालाच त्या गुणाच्या परिणामाचा दोषी ठरविण्यास तो अर्थ किती चटकन तयार होतो!

शेवटचा प्रयोग सर्वांत लहान आणि सर्वांत महत्त्वाचा. हत्येनंतर एमिलिया सत्याचा उलगडा करू लागते, तेव्हा इयागो पत्नीला जीभ आवरावयास सांगतो, आणि त्यासाठी ‘चार्म’ हेच क्रियापद जिभेला लावतो. एमिलिया तेच क्रियापद नकारार्थी करून परत फेकते, आणि बोलणे आपल्याला भाग आहे असे म्हणते. येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. जीभ ‘चार्म’ करणे हा त्या काळचा रूढ वाक्प्रचार होता. शेक्सपिअरच्याच ‘टेमिंग ऑफ द श्रू’मध्ये आणि ‘सहाव्या हेन्री’च्या तिसऱ्या भागात तो गप्प बसविणे एवढ्याच अर्थी आला आहे. तेव्हा इयागोच्या तोंडी तो झिजलेलाच असेल, हे मान्य करावयास हरकत नाही. त्याच्या मनात मंत्रतंत्र नाही. परंतु वर सांगितलेली कसोटी एका वाक्यास न लावता सबंध नाटकास लावली, तर चौकट पूर्वीच उभी झालेली दिसते, आणि झिजलेले नाणे एमिलियाच्या पुनरुच्चाराने पुन्हा खणखणते. गाण्यातून जन्मलेला, वाणीचे सामर्थ्य सांगणारा शब्द येथे वाणी बंद करण्याचे साधन झाला आहे. इयागो तरी दुसरे काय करीत होता? पाच अंक त्याने एकही औषध वा ताईत वापरला नाही. त्याचे साधन केवळ शब्द, अर्धवट सोडलेली वाक्ये, आणि योग्य वेळचे मौन.

भारतीय तंत्रशास्त्रातील षट्कर्मांचे वर्गीकरण येथे एका गोष्टीवर प्रकाश टाकते. शांती, वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन आणि मारण अशी ती सहा कर्मे परिणामानुसार वेगळी केलेली आहेत. त्या परिभाषेत ब्रॅबॅन्शियोचा आरोप वशीकरणाचा आहे. रुमालाचे कार्यही तेच. इयागो पत्नीच्या जिभेवर जे करू पाहतो ते स्तंभन, वाणीचे स्तंभन. आणि तो सबंध नाटकभर जे करतो ते विद्वेषण : एकमेकांवर प्रेम करणाऱ्या दोघांत द्वेष उत्पन्न करणे. त्या एका कर्मालाच नाटकात ‘चार्म’ म्हटलेले नाही. आरोप नेहमी वशीकरणाचाच होतो, कारण व्हेनिसच्या समाजाला परकीयाने मन जिंकणे हाच अपराध कळतो. आपल्यातल्याने मन बिघडविणे त्याच्या शब्दसंग्रहातच नाही. इंग्रजीतील एकच शब्द हा भेद झाकतो, आणि झाकतो म्हणूनच शोकांतिका घडू देतो.

मराठी भाषांतरकाराची अडचण यावरून उघड होते. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ चे, देवलांचा ‘झुंझारराव’ १८९० चा, शिरवाडकरांचा ‘ऑथेल्लो’ १९६१ चा; म्हणजे या नाटकाशी मराठीचा संबंध दीड शतकाहून अधिक जुना आहे. मराठीत या अर्थक्षेत्रासाठी शब्दांची वाण नाही. मंत्र, चेटूक, करणी, वशीकरण, भूल, मोहिनी, जादू, ताईत असे किती तरी शब्द हाताशी आहेत. ‘जादू’ हा फारसीतून आला, पण मुळात वैदिक ‘यातु’चा सगोत्र असल्याने तो परका असूनही नात्यातला आहे. ‘भूल’ या शब्दाने तर वैद्यकात स्वतंत्र संसार थाटला : पूर्वी भूल घालीत, आता भूल देतात, आणि ती देण्यापूर्वी रुग्णाची लेखी संमती घेतात. अडचण विपुलतेचीच आहे. ब्रॅबॅन्शियोला ‘चेटूक’ शोभते, इजिप्शियन स्त्रीला ‘मांत्रिकीण’, डोळ्यांना ‘मोहिनी’, आणि जिभेला यांपैकी काहीच नाही. तेथे ‘तोंड आवर’ म्हणावे लागते. प्रत्येक स्थळी भाषांतर अचूक होईल, आणि पाच स्थळांना जोडणारा धागा नाहीसा होईल. एकाच शब्दाचा आग्रह धरावयाचा, तर ‘भारणे’ हे क्रियापद त्यातल्या त्यात दूरवर पोचते : भारलेला रुमाल, भारून टाकणारे डोळे. जिभेपाशी मात्र तेही अडखळते. वाचा बसविण्याचा अर्थ त्यात मुळात नाही, आणि प्रेक्षकाला तो ओढूनताणून काढावा लागेल.

अखेर एक पाठभेद. डेस्डिमोनाच्या ‘विलो’ गीताचा मोठा भाग १६२३ च्या फोलिओत आहे. १६२२ च्या क्वार्टोत तो नाही. ते गीत तिला आईच्या दासीकडून मिळालेले, जसा ऑथेल्लोचा रुमाल त्याच्या आईकडून आलेला. दोन वारसे, एक ‘चार्म’ म्हणून सांगितलेला, दुसरा केवळ गाणे. फोलिओत मरणोन्मुख एमिलिया मालकिणीचे तेच गीत पुन्हा गुणगुणते, आणि मग सत्याची ग्वाही देत प्राण सोडते. जिला जीभ आवरावयास सांगितले, ती गात गात मरते; आणि इयागो, ज्याची जीभ पाच अंक थांबली नव्हती, तो यापुढे एकही शब्द बोलणार नाही असे सांगून आपण होऊन गप्प होतो. एमिलियाच्या त्या शेवटच्या गाण्याच्या ओळी क्वार्टोत नाहीत. तेव्हा ‘चार्म’ या शब्दाचा या नाटकातील प्रवास गाण्याशी येऊन थांबतो की केवळ नकाराशी, हे वाचकाच्या हातातील प्रत कोणत्या संहितेवरून सिद्ध केलेली आहे यावर अवलंबून राहील.